मिश्रवंशीय विद्यार्थी आणि अल्पसंख्याक शिष्यवृत्त्या : अर्ज करावा की करू नये?

अमेरिकेतील मराठी घरांत शाळेच्या शेवटच्या वर्षाचा हिवाळा अर्ज भरण्यात जातो. त्या अर्जांत निबंध असतात, शिफारसपत्रे असतात, पालकांच्या उत्पन्नाचे तपशील असतात, आणि कोठेतरी मध्येच वंश विचारणारी एक लहानशी चौकट असते. आई आणि वडील दोघेही महाराष्ट्रातून आलेले असतील, तर या चौकटीपाशी कोणी थांबत नाही. मात्र आई पुण्याची आणि वडील जॉर्जियातील कृष्णवर्णीय कुटुंबातले असतील, किंवा वडील नागपूरचे आणि आई टेक्सासमधील मेक्सिकन वंशाची असेल, तर त्याच चौकटीपाशी घर अडते. मुलीसमोर कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो विद्यार्थ्यांसाठी ठेवलेल्या शिष्यवृत्तीचा अर्ज असतो. ती विचारते, ‘हे पैसे माझ्यासाठी आहेत का? की मी दुसऱ्या कोणाच्या वाट्याचे घेते आहे?’ या प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेले आहेत, एक नियमांचा आणि दुसरा विवेकाचा. घरातल्या चर्चेत ते एकमेकांत मिसळतात, आणि बहुतेक वेळा पहिल्याचे उत्तर न शोधताच दुसऱ्यावर वाद सुरू होतो. म्हणून येथे आधी नियम पाहू.

चौकटींचा इतिहास

आज अटळ वाटणाऱ्या वंशाच्या वर्गवाऱ्या फारशा जुन्या नाहीत, आणि भारतीयांच्या बाबतीत तर त्या अनेकदा बदलल्या आहेत. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस ‘श्वेत’ नाही असे ठरवून त्यांना नागरिकत्व नाकारले. पुढे १९७० च्या जनगणनेत भारतीयांची गणना श्वेतवर्णीयांतच झाली. १९७७ मध्ये संघराज्य सरकारने सर्व खात्यांसाठी वंशाच्या समान वर्गवाऱ्या ठरवल्या आणि भारतीय उपखंडातील लोकांना आशियाई गटात घातले. १९८० च्या जनगणनेत ‘एशियन इंडियन’ ही स्वतंत्र चौकट आली. ती आपोआप आली नव्हती. सत्तरच्या दशकात भारतीयांच्या संघटनांनी तिच्यासाठी प्रयत्न केले होते, आणि अल्पसंख्याक म्हणून गणले जावे की नाही, यावर त्या वेळी समाजात मतभेदही होते. आज घरातल्या मुलांना पडलेला प्रश्न आपल्या समाजाला एकदा सामूहिकपणे पडून गेला आहे, हे लक्षात ठेवावे.

मिश्र विवाहांचा इतिहास त्याहून कडू आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी कॅलिफोर्नियातील इम्पीरियल खोऱ्यात शेती करणाऱ्या अनेक पंजाबी पुरुषांनी मेक्सिकन वंशाच्या स्त्रियांशी लग्ने केली. भारतातून बायका आणता येत नव्हत्या आणि श्वेतवर्णीय स्त्रीशी विवाह करण्यास कायद्याची आडकाठी होती. त्या जोडप्यांची मुले हीच भारतीय-अमेरिकन मिश्रवंशीयांची पहिली मोठी पिढी म्हणता येईल. आंतरवंशीय विवाहावरील बंदी देशभर उठली ती १९६७ मध्ये, ‘लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया’ या निकालाने. तोवर १६ राज्यांत असे कायदे जिवंत होते.

बंदी उठली तरी अर्जावरची चौकट एकच राहिली. एकाहून अधिक वंशांवर खूण करण्याची मुभा जनगणनेत प्रथम २००० साली मिळाली. २०१० मध्ये सुमारे ९० लाख लोकांनी दोन किंवा अधिक वंश नोंदवले होते. २०२० मध्ये हा आकडा ३ कोटी ३८ लाखांवर, म्हणजे लोकसंख्येच्या १०.२ टक्क्यांवर गेला. एवढी वाढ केवळ जन्मांमुळे झालेली नाही. प्रश्नाची मांडणी आणि उत्तरांची वर्गवारी करण्याची पद्धतही त्या दशकात बदलली. तरीही कल स्पष्ट आहे. प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीनुसार २०१५ मध्ये लग्न झालेल्या आशियाई वंशाच्या व्यक्तींपैकी २९ टक्क्यांचा जोडीदार अन्य वंशाचा होता.

शिक्षणसंस्थांना आपल्या विद्यार्थ्यांची आकडेवारी सरकारला द्यावी लागते. २००७ मध्ये ठरलेल्या आणि २०१० नंतर सर्वत्र लागू झालेल्या नियमानुसार दोन वंश नोंदवणारा विद्यार्थी ‘दोन किंवा अधिक वंश’ या एकाच रकान्यात जातो. त्याने हिस्पॅनिक असल्याचे सांगितले असेल, तर तो केवळ हिस्पॅनिक म्हणूनच मोजला जातो, त्याचे दुसरे मूळ काहीही असो. म्हणजे नागपूर आणि टेक्सास या दोन्हींचा वारसा सांगणारा मुलगा सरकारी तक्त्यात आशियाई दिसतच नाही. २०२४ मध्ये या वर्गवाऱ्यांत पुन्हा सुधारणा झाली आणि हिस्पॅनिक ही इतरांच्या बरोबरीची वर्गवारी ठरली. ती सर्व अर्जांपर्यंत पोचण्यास वेळ लागेल. मुलाने मात्र एवढेच समजून घ्यावे की तक्त्यातील रकाना आणि शिष्यवृत्तीची पात्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकार त्याला कोठे मोजते, यावर देणगीदार बांधलेला नाही.

‘अल्पसंख्याक’ म्हणजे नेमके कोण?

मराठी पालकांची सर्वांत मोठी गफलत येथे होते. ‘आम्ही अल्पसंख्याकच आहोत, मग अर्धा आशियाई मुलगा पात्र का नसेल?’ असे ते विचारतात. लोकसंख्येच्या दृष्टीने हे बरोबर आहे. शिष्यवृत्त्यांच्या भाषेत ते बरेचदा चूक ठरते. विज्ञान, अभियांत्रिकी, वैद्यक या क्षेत्रांतील अनेक योजना ‘अल्पप्रतिनिधित्व असलेल्या’ गटांसाठी असतात. राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या व्याख्येत त्या गटांमध्ये कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि मूलनिवासी येतात. भारतीय वंशाचे येत नाहीत, कारण या क्षेत्रांत त्यांची संख्या लोकसंख्येतील प्रमाणाहून अधिक आहे. तेव्हा आई मराठी आणि वडील आयरिश वंशाचे असलेल्या मुलाला अशा योजनेत स्थान नाही. त्याच्यासाठी उरतात त्या खास आशियाई विद्यार्थ्यांकरिता असलेल्या शिष्यवृत्त्या. त्यांपैकी ‘एपिआ स्कॉलर्स’ या वॉशिंग्टनमधील संस्थेने जनगणनेतील आशियाई व प्रशांत द्वीपवासी या व्याख्येचाच आधार घेतला होता. त्या व्याख्येत भारतीय येतात आणि रक्ताचे प्रमाण विचारले जात नाही.

मराठी-कृष्णवर्णीय, मराठी-लॅटिनो किंवा मराठी-मूलनिवासी मुलांची गोष्ट वेगळी. त्यांना दुसऱ्या पालकाच्या बाजूने पात्रता मिळते, आणि मराठी बाजूने ती कमी होत नाही. अशा शिष्यवृत्त्यांच्या नियमांत ‘दोन्ही पालक’ अशी अट मला तरी अपवादानेच आढळली आहे.

एक जुना घोटाळाही येथे नोंदवायला हवा, कारण तो अजून होतो. ‘अमेरिकन इंडियन’ म्हणजे अमेरिकेतील मूलनिवासी. ‘इंडियन अमेरिकन’ म्हणजे आपण. नुकत्याच आलेल्या कुटुंबातील मुलाने निरागसपणे पहिल्या चौकटीत खूण केली, तर ती चूक समजता येते. पण खुलासा मिळाल्यावरही ती तशीच ठेवणे म्हणजे खोटे निवेदन होय. गोव्याच्या वाचकांसाठी आणखी एक सूचना : आडनाव फर्नांडिस किंवा परेरा असल्याने कोणी हिस्पॅनिक होत नाही. जनगणनेच्या व्याख्येत स्पॅनिश संस्कृतीचा वा मुळाचा उल्लेख आहे, पोर्तुगीजांचा नाही. आणि गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबाचे मूळ तर भारतीयच आहे.

निकष प्रत्यक्षात कसे लिहिलेले असतात

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाच्या मनात प्रमाणपत्राची कल्पना घट्ट बसलेली असते. तेथे जातीचा दाखला लागतो, त्यावर पडताळणी समितीची मोहोर लागते, आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील नोंद शोधावी लागते. अमेरिकेत कृष्णवर्णीय, लॅटिनो वा आशियाई असल्याचा असा दाखला कोणतेही कार्यालय देत नाही. विद्यार्थी स्वतः सांगतो तेच धरले जाते. यामुळे काही पालकांना वाटते की येथे नियमच नाही. नियम आहे, पण त्याचा भार दाखल्यावर न टाकता अर्जदाराच्या सहीवर टाकलेला आहे. अर्जाच्या शेवटी ‘वरील माहिती खरी आहे’ असे लिहिलेले असते, आणि ती खोटी ठरल्यास रक्कम परत मागण्याचा वा निवड रद्द करण्याचा अधिकार संस्थेने राखून ठेवलेला असतो.

वारशाचे प्रमाण सांगणारे निकषही आहेत. कॉलेज बोर्डाच्या हिस्पॅनिक विद्यार्थ्यांसाठीच्या राष्ट्रीय गौरव योजनेत किमान एक चतुर्थांश हिस्पॅनिक वारसा अशी अट होती; म्हणजे एक आजी किंवा आजोबा पुरेसे. मॅकडोनाल्ड्सच्या ‘हासेर’ या लॅटिनो शिष्यवृत्तीत किमान एक पालक लॅटिनो वंशाचा असावा अशी अट होती. मिश्रवंशीयांना सामावून घेण्याच्या दृष्टीने ही भाषा स्वच्छ होती : अर्धा म्हणजे पुरेसा.

मूलनिवासींच्या बाबतीत मात्र खरोखर कागद लागतो. कोबेल शिष्यवृत्तीसाठी विद्यार्थी संघराज्याने मान्यता दिलेल्या जमातीचा नोंदणीकृत सदस्य असावा लागतो. अमेरिकन इंडियन कॉलेज फंड नोंदणीकृत सदस्याबरोबरच ज्याचे आई-वडील किंवा आजी-आजोबा यांपैकी कोणी सदस्य आहे अशा वंशजालाही पात्र मानतो. सदस्यत्व कोणाला द्यायचे हे प्रत्येक जमात स्वतः ठरवते. काही जमाती रक्ताचे प्रमाण पाहतात, काही जुन्या नोंदवह्यांतील पूर्वजापासूनची वंशावळ पाहतात. या सदस्यत्वाला कायद्याने वंशापेक्षा राजकीय नात्याचे स्वरूप दिले आहे. १९७४ च्या ‘मॉर्टन विरुद्ध मंकारी’ या निकालाचा तो आधार आहे, आणि म्हणूनच पुढे सांगितलेल्या न्यायालयीन वादळात या शिष्यवृत्त्या तुलनेने सुरक्षित राहिल्या आहेत.

लाळेच्या नमुन्यावरून वंशाचे टक्के सांगणाऱ्या चाचण्या हल्ली घरोघरी होतात. त्यांच्या भरवशावर अर्ज करू नये. वॉशिंग्टन राज्यातील एका विमा व्यावसायिकाने चाचणीत आढळलेल्या ४ टक्के आफ्रिकी अंशाच्या आधारे सरकारी कंत्राटांसाठी अल्पसंख्याक उद्योजकाचा दर्जा मागितला होता. तो नाकारला गेला आणि २०१८ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयानेही त्याला दाद दिली नाही. तो विषय शिष्यवृत्तीचा नव्हता, पण विचार लागू पडतो : त्या समाजाचा माणूस म्हणून तो कधी जगला नव्हता, आणि तसे कोणी त्याला ओळखतही नव्हते.

कायद्याची बदललेली जमीन

वंशाधारित शिष्यवृत्त्यांवरील वाद २०२३ मध्ये सुरू झाला असे मानले जाते, ते खरे नाही. मेरीलंड विद्यापीठाची बेंजामिन बॅनेकर यांच्या नावाची शिष्यवृत्ती केवळ कृष्णवर्णीयांसाठी होती. एका हिस्पॅनिक विद्यार्थ्याने तिला आव्हान दिले आणि १९९४ मध्ये अपील न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९९६ मध्ये प्रस्ताव क्रमांक २०९ मंजूर केल्यापासून तेथील सरकारी विद्यापीठांना वंशावर आधारित प्राधान्य देता येत नाही. सॅन होजे वा फ्रीमाँटमधील मराठी घराला या विषयाची झळ मुख्यतः खासगी शिष्यवृत्त्यांपुरतीच लागते, ती यामुळे.

२९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांच्या खटल्यांत प्रवेशासाठी वंश विचारात घेण्याची पद्धत रद्द केली. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांच्या निकालपत्रात वंशाच्या वर्गवाऱ्यांवरच टीका आहे. आशियाई या एकाच शब्दाखाली दक्षिण आशियाई आणि पूर्व आशियाई यांना कोंबले जाते, याकडे त्यांनी बोट दाखवले. त्याच निकालात त्यांनी हेही म्हटले की वंशाचा आपल्या आयुष्यावर कसा परिणाम झाला हे विद्यार्थ्याने लिहिले, तर त्याची दखल घेण्यास विद्यापीठाला मनाई नाही. निकाल शिष्यवृत्त्यांविषयी नव्हता. तरी त्याच दिवशी मिसुरी राज्याच्या महाधिवक्त्यांनी तेथील संस्थांना शिष्यवृत्त्यांतूनही वंशाचा निकष काढण्यास सांगितले, आणि इतरत्र अनेक विद्यापीठांनी आपण होऊन तसे केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये संघराज्याच्या शिक्षण खात्याने एक पत्र काढून हा निकाल शिष्यवृत्त्या, वसतिगृहे अशा सर्व बाबींना लागू असल्याची भूमिका घेतली. ऑगस्ट २०२५ मध्ये मेरीलंडमधील संघराज्य न्यायालयाने ते पत्र रद्द केले. पण तोवर संस्थांच्या मनात बसायची ती भीती बसली होती.

खासगी देणगीदार १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या शिक्षणसंस्थांवरील कलमाबाहेर असले, तरी १८६६ चा एक कायदा त्यांच्यापर्यंत पोचतो. मुक्त झालेल्या गुलामांना करार करण्याचा समान हक्क मिळावा यासाठी तो झाला होता. आज त्याचाच उपयोग कृष्णवर्णीयांसाठीच्या योजनांविरुद्ध होतो आहे. जून २०२४ मध्ये अटलांटा येथील अपील न्यायालयाने ‘फिअरलेस फंड’ या संस्थेची कृष्णवर्णीय महिला उद्योजकांसाठीची अनुदान स्पर्धा याच कायद्याखाली रोखली. जानेवारी २०२५ मध्ये ‘हासेर’ शिष्यवृत्तीवर दावा झाला आणि मॅकडोनाल्ड्सने तडजोड करून पालकाच्या वंशाची अट काढली. आता लॅटिनो समाजासाठी विद्यार्थ्याने काय केले ते विचारले जाते. गेट्स शिष्यवृत्ती दरवर्षी निवडक विद्यार्थ्यांना मिळते. तिनेही २०२५ मध्ये वंशाची अट सोडली आणि कॉलेज बोर्डाने वंशाधारित गौरव बंद करून गाव-शाळेच्या परिस्थितीवर आधारलेले गौरव ठेवले.

मिश्रवंशीय विद्यार्थ्याच्या दृष्टीने या घडामोडींचा परिणाम जरा विचित्र झाला आहे. ‘मी पुरेसा कृष्णवर्णीय आहे का?’ हा प्रश्न अनेक अर्जांतून नाहीसा झाला. त्याच्या जागी ‘या समाजाशी तुझे नाते काय?’ हा प्रश्न आला. ज्याने ते नाते जगले आहे त्याला हा दुसरा प्रश्न सोपा जातो. केवळ चौकटीवर खूण करून मोकळे होणाऱ्याला तो अवघड जातो. खटले लढवणाऱ्यांचा हेतू तसा नव्हता, पण झाले मात्र असे.

पैशाचे गणित

विवेकाच्या प्रश्नावर रात्र जागवण्यापूर्वी एक तपासणी करावी : शिष्यवृत्तीला आर्थिक गरजेची अट आहे का? मोठ्या रकमेच्या अनेक योजना पेल अनुदानास पात्र असलेल्या कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांसाठी असतात. गेट्स शिष्यवृत्तीत ही अट पूर्वीही होती आणि आजही आहे. २०२५-२६ साठी पेल अनुदानाची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर आहे, आणि दोन संगणक अभियंत्यांच्या घरातील मूल सहसा त्याच्या जवळपासही जात नाही. अशा घरांतला नैतिक पेच उत्पन्नाच्या रकान्यातच सुटतो. उलट, एकट्या आईच्या पगारावर चालणाऱ्या घरातील मुलीने केवळ संकोचाने अर्ज न करणे हे मोठे नुकसान आहे.

बाहेरची शिष्यवृत्ती मिळाली म्हणजे तेवढी रक्कम हाती पडली असेही नाही. अनेक महाविद्यालये तेवढ्याच प्रमाणात स्वतःचे गरजाधारित अनुदान कमी करतात. मेरीलंडने २०१७ मध्ये सरकारी महाविद्यालयांच्या या प्रथेला कायद्याने आळा घातला; नंतर कॅलिफोर्नियासह आणखी काही राज्यांनी तसे केले. इतरत्र आर्थिक साहाय्य कार्यालयाला आधीच विचारावे की कपात कर्जाच्या भागातून होईल की अनुदानाच्या. शिकवणी शुल्क आणि सक्तीच्या पुस्तकांवर खर्च झालेली शिष्यवृत्ती करमुक्त असते. निवास आणि भोजनावर खर्च झालेला भाग विद्यार्थ्याच्या करपात्र उत्पन्नात येतो. केंद्रीय आर्थिक साहाय्याच्या अर्जातही अलीकडे वंश विचारतात, पण ती माहिती पाहणीसाठी असते आणि तिचा मिळणाऱ्या मदतीवर परिणाम होत नाही.

विवेकाचा प्रश्न

आता उरला तो खरा अवघड भाग. पात्रता आहे, गरजही आहे किंवा गरजेची अटच नाही. तरी मुलाला वाटते की आपण पुरेसे भोगलेले नाही. आपला रंग उजळ आहे, आडनाव कुलकर्णी आहे, दुकानात रखवालदार आपल्या मागे फिरत नाही.

या प्रश्नाला आपल्याकडे एक समांतर उदाहरण आहे. वडील क्षत्रिय आणि आई आदिवासी असलेल्या गुजरातमधील एका व्यक्तीच्या प्रकरणात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये निकाल दिला. आंतरजातीय विवाहातील अपत्याची जात वडिलांचीच, असे आपोआप धरता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. ते मूल कोणत्या समाजात वाढले, आईच्या समाजाला सोसावी लागणारी वंचना आणि अवहेलना त्याच्याही वाट्याला आली का, हे पुराव्याने पाहावे. जन्माच्या बेरजेपेक्षा जगण्याला दिलेले हे वजन मला अमेरिकेतील अनेक निकषांहून अधिक समंजस वाटते. पण त्यात एक धोकाही आहे. त्या कसोटीला शिष्यवृत्तीच्या अर्जात आणले, तर सतरा वर्षांच्या मुलाला आपले दुःख मोजून दाखवावे लागते, आणि मग निबंधांत दुःखाचे प्रदर्शन सुरू होते.

म्हणून मला देणगीदाराचा हेतू ही कसोटी अधिक सरळ वाटते. काही निधी अन्यायाच्या भरपाईसाठी असतात, काही एखाद्या व्यवसायात त्या समाजाची माणसे वाढावीत म्हणून, काही केवळ एखाद्या संस्थापकाने आपल्या लोकांची आठवण ठेवून दिलेले. दुसऱ्या प्रकारात मिश्रवंशीय विद्यार्थ्याने संकोच करण्याचे कारण नाही. कृष्णवर्णीय डॉक्टरांची संख्या वाढावी हा हेतू असेल, तर मराठी आईची कृष्णवर्णीय मुलगी डॉक्टर झाल्याने तो पूर्ण होतोच. तिसऱ्या प्रकारात संस्थापक कुटुंबाचा शब्द अंतिम. पहिल्या प्रकारात मुलाने स्वतःला विचारावे, आणि उत्तर शोधताना केवळ स्वतःचा नव्हे तर पालकाचा आणि आजी-आजोबांचा इतिहास पाहावा. ज्या आजोबांना वंशामुळे घरासाठी कर्ज मिळाले नाही, त्यांच्या नातवाला वारशात घर मिळालेले नसते. नातवाचा रंग उजळ असला तरी.

खोटेपणाची सीमारेषा कोठे आहे, याची दोन उदाहरणे भारतीय समाजात गाजली. विजय चोकलिंगम यांचे आई-वडील दोघेही भारतीय-वंशीय. नव्वदच्या दशकात आपण कृष्णवर्णीय असल्याचे भासवून वैद्यकीय महाविद्यालयांत अर्ज केले, असे त्यांनी पुढे स्वतःच जाहीर केले. तेथे संदिग्धता नाही. झोहरान ममदानी यांचे प्रकरण तसे सरळ नव्हते. त्यांचा जन्म कंपालाचा, आई-वडील भारतीय वंशाचे, वडिलांच्या घराचे युगांडाशी पिढ्यांचे नाते. २००९ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या अर्जात त्यांनी आशियाई आणि ‘कृष्णवर्णीय किंवा आफ्रिकन अमेरिकन’ या दोन्ही चौकटींत खूण केल्याचे २०२५ मध्ये उघड झाले. आपली पार्श्वभूमी चौकटींत मावत नव्हती म्हणून तसे केले, आणि युगांडाचा उल्लेखही लिहिला होता, असा खुलासा त्यांनी केला. प्रवेश त्यांना मिळाला नव्हता. न्यूयॉर्कमध्ये त्यावर जी टीका झाली, तिच्यातून पालकांनी एक व्यावहारिक गोष्ट घ्यावी. सतराव्या वर्षी केलेली खूण तिसाव्या वर्षी वाचली जाऊ शकते, आणि तेव्हा तिचे स्पष्टीकरण अनोळखी माणसांना पटवावे लागते.

खरोखर मिश्रवंशीय असलेल्या विद्यार्थ्याला त्या परीक्षेची भीती नसावी, एका अटीवर : त्याने काही लपवलेले नसावे. दोन्ही चौकटींत खूण करता येत असेल तर दोन्हींत करावी. कृष्णवर्णीय शिष्यवृत्तीच्या निबंधातून आईचे कोल्हापूर गाळण्याची गरज नाही. निवड समितीला मिश्र घरे नवी नाहीत. मात्र निबंध म्हणजे दिवाळी आणि थँक्सगिव्हिंगच्या पंगतीचे वर्णनही नव्हे. मुलगी वडिलांच्या चर्चमध्ये रविवारी लहान मुलांना शिकवते का, आजीच्या काउंटीतील शाळा बंद झाली तेव्हा घरात काय बोलले गेले, पोलिसांनी भावाला थांबवले तेव्हा गाडीत कोण होते, हे लिहिण्यासारखे आहे. लिहिण्यासारखे काहीच सापडत नसेल, तर अर्ज करावा की नाही याचे उत्तरही त्यातच मिळते.

प्यूच्या २०१५ च्या पाहणीत मिश्र पार्श्वभूमी असलेल्या प्रौढांपैकी ६१ टक्क्यांनी स्वतःला मिश्रवंशीय म्हणवून घेतले नव्हते. घरातील दोन भावंडेही वेगवेगळी उत्तरे देतात. थोरला स्वतःला कृष्णवर्णीय समजतो, धाकटी देसी. दोघांनीही खरे सांगितलेले असते. पालकांनी येथे हात आखडावा. आपल्याकडे अर्ज पुष्कळदा आई किंवा बाबाच भरतात, आणि ‘एक खूण केली तर काय बिघडते’ हे वाक्य मुलाच्या आधी मोठ्यांच्या तोंडून निघते. सही मुलाची असते. चौकटही त्यानेच निवडावी.

या सगळ्याचा एक धागा आपल्या मंडळांपर्यंतही येतो. गणेशोत्सवात स्तोत्र म्हणणाऱ्या कुरळ्या केसांच्या मुलीकडे वळणाऱ्या नजरा तिने पाहिलेल्या असतात. मंडळाने गुणवंत विद्यार्थ्यांसाठी पारितोषिक ठेवले, तर तिला अर्ज करावासा वाटेल का? ‘पुरेशी कृष्णवर्णीय’ असण्याची शंका तिला बाहेर भेटते, ‘पुरेशी मराठी’ असण्याची आपल्या सभागृहात. पहिली दूर करणे आपल्या हाती नाही.

ज्यांच्या घरी हा अर्ज आत्ता टेबलावर आहे, त्यांच्यासाठी शेवटची एक व्यवहाराची बाब. पात्रतेविषयी शंका असेल तर मुलानेच संस्थेला ईमेल करावा : ‘माझे वडील कृष्णवर्णीय आहेत, आई भारतीय, आपल्या निकषांनुसार मी पात्र आहे का?’ चालू वर्षाचेच नियम पाहावेत, कारण गेल्या वर्षीची अट यंदा असेलच असे नाही. केंद्रीय साहाय्याचा अर्ज १ ऑक्टोबरच्या सुमारास खुला होतो, आणि खासगी शिष्यवृत्त्यांच्या मुदती त्याच्या मागेपुढे संपू लागतात. म्हणून हा ईमेल उन्हाळ्यातच जावा. आलेले उत्तर अर्जाच्या प्रतीबरोबर जपून ठेवावे.